वॉर्डातून सुरू होणारं सीएमई : सांगली-साताऱ्यातल्या रुग्णालयांत नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी

सांगली, मिरज, कराड किंवा साताऱ्यातल्या पन्नास ते दीडशे खाटांच्या रुग्णालयात तुम्ही नुकतेच रुजू झाला आहात आणि दर आठवड्याचं सीएमई (डॉक्टरांचं आणि सिस्टरांचं चालू राहणारं वैद्यकीय शिक्षण) चालवण्याची जबाबदारी तुमच्याकडे आली आहे, असं धरून पुढचं सगळं लिहिलं आहे. अशा रुग्णालयात दिवसा फिजिशियन, सर्जन, भूलतज्ज्ञ येऊन राऊंड घेऊन जातात. रात्री वॉर्ड सांभाळतात ते आरएमओ (निवासी डॉक्टर) आणि सिस्टर. आरएमओंमध्ये एमबीबीएस असतात, बीएएमएस असतात, बीएचएमएसही असतात. दाखल रुग्ण रात्री दोन वाजता बिघडला, तर पहिला निर्णय त्यांनाच घ्यावा लागतो. म्हणून या सीएमईची कसोटी एकच धरा : गुरुवारी दुपारी जे शिकवलं, ते शनिवारी रात्री दोन वाजता जाग्या असलेल्या माणसाच्या हातात आलं का?

रविवारी हॉलमध्ये होणारी मोठी व्याख्यानं आपल्या जागी उपयोगी आहेत. नवं संशोधन कळतं, ओळखी होतात, नोंदणीच्या नूतनीकरणाला लागणारे क्रेडिट मिळतात. पण तिथे विषय वक्ता ठरवतो. वॉर्डातल्या सीएमईचा विषय रुग्णाने ठरवायचा असतो.

विषय फायलींतून काढा

पहिलं काम म्हणजे नर्सिंग स्टेशनवर एक जाड वही ठेवणं. तीन रकाने पुरेत : तारीख, प्रश्न, उत्तर कोण शोधणार. प्रश्न जसा पडला तसाच लिहायचा. ‘सोडियम ११८, रुग्ण शुद्धीत आहे, तीन टक्के सलाईन लावायचं का?’ किंवा ‘रुग्ण उपाशी आहे, सकाळचं इन्सुलिन द्यायचं की थांबवायचं?’ रुग्णाचं नाव नको, विचारणाऱ्याचंही नको. सिस्टरांनीही त्यात लिहावं हे पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगा, कारण त्यांना पडणारे प्रश्न डॉक्टरांच्या डोक्यातही येत नाहीत. वही आठवडाभर कोरी राहिली, तर प्रश्न नाहीत असं समजू नका. विचारायला भीती वाटते आहे, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा पहिले चार-पाच प्रश्न तुम्ही स्वतः लिहा.

दुसरं काम रेकॉर्ड रूममधलं. मागच्या महिन्यातल्या चार प्रकारच्या फायली काढून घ्या : मृत्यू, वॉर्डातून आयसीयूत हलवलेले, डिस्चार्जनंतर आठवड्याभरात पुन्हा दाखल झालेले आणि सही करून स्वतःहून निघून गेलेले. प्रत्येक फाईल पूर्ण वाचत बसू नका. तीन वेळा शोधा : पहिली बिघडलेली नोंद किती वाजताची, डॉक्टरांना किती वाजता कळवलं, उपचार किती वाजता सुरू झाले. या तीन वेळांमध्ये जिथे मोठं अंतर दिसेल तिथे तुमचा विषय आहे. पुष्कळदा उपचार सगळ्यांना माहीत असतो. अडतं ते बिघाड ओळखण्यात आणि फोन करण्यात.

तिसरा आधार आपल्या भागातल्या हंगामाचा. सर्पदंश, डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) यांची सत्रं मे महिन्यात उरकून घ्या. ऑगस्टमध्ये वॉर्ड भरल्यावर कुणाला बसायला वेळ नसतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांतून पावसाळ्यात आणि त्यानंतर येणाऱ्या तापाच्या रुग्णात स्क्रब टायफसचा (बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाचा) विचार हवा. त्याची काळी खपली काखेत, जांघेत, स्तनांखाली, करदोट्याखाली लपलेली असते आणि कपडे न काढता तपासलं तर सापडत नाही. सांगलीकरांना २०१९ आणि २०२१ चे पूर विसरता येणार नाहीत. पुराच्या पाण्यात उतरणाऱ्या बचाव पथकांना लेप्टो टाळण्यासाठी आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम द्यायचं असतं, हे पाणी चढायच्या आधी माहीत हवं. जत, आटपाडी, माण, खटावकडून मार्च ते मे या काळात उष्माघाताचे रुग्ण येऊ शकतात. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटणमार्गे जाते, त्या आठवड्यात जुलाब आणि निर्जलीकरणाची उजळणी करावी. ऊसतोडणी सुरू झाली की सर्पदंश आणि हातापायांच्या जखमा. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात कीटकनाशकाची बाटली बाराही महिने हाताशी असते, त्यामुळे विषबाधेचं सत्र वर्षातून एकदा घेऊन भागत नाही. दर सहा महिन्यांनी नवे आरएमओ आले की पुन्हा घ्या.

वेळ आणि जागा

बहुतेक ठिकाणी सिस्टरांची पाळी दुपारी दोनला बदलते. हँडओव्हर संपल्यावर सव्वादोन ते तीन ही वेळ सोयीची पडते. सकाळची पाळी पाऊण तास थांबते, दुपारची आलेली असते आणि कन्सल्टंटची संध्याकाळची ओपीडी अजून लांब असते. तीन म्हणजे तीन. लांबलेलं सत्र पुढच्या आठवड्यात ओस पडतं. वॉर्डावर एक आरएमओ आणि एक सिस्टर राहतीलच; कोण राहणार हे आधी ठरवा आणि पुढच्या वेळी त्यांना आत बसवा.

रात्रपाळीसाठी तेच सत्र त्याच दिवशी रात्री साडेआठला, हँडओव्हरनंतर, वॉर्डातच उभ्या उभ्या पंधरा मिनिटांत घ्या. स्लाईड नको, फक्त दुपारी ठरलेला निर्णय आणि हाताने करायची कृती. ही पंधरा मिनिटं वगळली जातात आणि मग ‘सीएमई होतं पण फरक पडत नाही’ अशी तक्रार येते. या साऱ्या खटाटोपातला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे.

पंचेचाळीस मिनिटांची मांडणी

पहिली पाच मिनिटं केस. वय, तक्रार, दाखल होतानाच्या नोंदी, आणि मग जिथे निर्णय घ्यायचा होता तिथे थांबा. निदान सांगू नका. पुढची दहा मिनिटं ‘तुम्ही इथे काय केलं असतं?’ हा प्रश्न, आणि तो सगळ्यात नव्या माणसापासून वर विचारत जायचा. कन्सल्टंट सर आधी बोलले की बाकीच्यांची तोंडं मिटतात. त्यांना शेवटी बोलायची विनंती आधीच करून ठेवा. मग पंधरा मिनिटं विषय, जास्तीत जास्त आठ-दहा स्लाईड. दहा मिनिटं हाताने करायचं काम. शेवटची पाच मिनिटं एक निर्णय : उद्यापासून वॉर्डात काय बदलणार, ते कोण करणार, कधीपर्यंत. तो निर्णय वहीत लिहून खाली तारीख टाका.

केस मांडताना नाव, गाव, खाट क्रमांक, तारखा काढून टाका. सांगलीसारख्या गावात ‘तासगावचे एक शिक्षक, मागच्या मंगळवारी’ एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. एक्स-रे किंवा ईसीजीचा फोटो काढताना कोपऱ्यातलं नाव झाका. जखमेचा फोटो हवा असेल तर रुग्णाची लेखी संमती घ्या आणि तो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. एकदा बाहेर गेलेला फोटो परत येत नाही.

एक सत्र पूर्ण उलगडून : सर्पदंश

नागपंचमीसाठी ओळखल्या जाणाऱ्या बत्तीस शिराळ्याच्या या भागात हे सत्र पहिलं घ्या. टेबलावर ठेवायचं सामान : तीन परीक्षानळ्या (एक नवी, कोरडी, काचेची, एक साबणाने धुतलेली काचेची, एक प्लास्टिकची), सिरिंज, घड्याळ, मुदत संपलेल्या प्रतिसर्पविषाच्या दोन-तीन व्हायल, डिस्टिल्ड वॉटर, ॲड्रेनलिनची ॲम्प्यूल.

विष चढलं का हे ठरवताना रक्त वीस मिनिटांत गोठतं का ते बघतात, तीच चाचणी इथे करून दाखवायची. सत्र सुरू होताच तयार असलेल्या एका सहकाऱ्याचं सहा मिली रक्त घ्या आणि तिन्ही नळ्यांत दोन-दोन मिली घाला. वेळ फळ्यावर लिहा. नळ्या उभ्या ठेवा. हलवू नका, वाकवून बघू नका. वीस मिनिटं तुम्ही बोलत राहा आणि मग सगळ्यांसमोर एकदाच तिरप्या करा. स्वच्छ काचेच्या नळीत गुठळी झालेली दिसेल. इतर दोन नळ्यांतल्या रक्ताचा भरवसा नाही, आणि सांगायचं आहे ते हेच. गोठण्याची प्रक्रिया काचेच्या पृष्ठभागाशी संपर्क आल्यावर चालू होते. प्लास्टिक किंवा साबणाचा अंश लागलेली काच ते काम नीट करत नाही. परिणामी ज्याला विष चढलेलंच नाही त्यालाही ‘रक्त गोठत नाही’ म्हणून प्रतिविष दिलं जातं. उलट्या बाजूने, दहाव्या मिनिटाला नळी हलवून बघणाऱ्याची चाचणीही बाद. तेव्हा या सत्राचा निर्णय सहसा ठरलेलाच असतो : कॅज्युल्टीत नव्या, कोरड्या काचेच्या नळ्यांचा वेगळा डबा, त्यावर ‘फक्त सर्पदंशासाठी’ अशी चिठ्ठी, आणि तो प्रयोगशाळेत धुवायला जाणार नाही याची जबाबदारी एका सिस्टरवर.

पहिली चाचणी चांगली आली तरी निर्धास्त होऊ नये. पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने आणि त्यानंतर दर तासाने ती पुन्हा करायची. रुग्ण किमान २४ तास दाखल राहतो, नातेवाईक कितीही घाई करोत.

आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. विष चढल्याची लक्षणं असतील किंवा रक्त गोठत नसेल तर सुरुवातीला १० व्हायल. भुकटीची प्रत्येक व्हायल १० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायची. व्हायल गोल फिरवायची, झटकायची नाही. झटकली की फेस येतो आणि औषध वाया जातं. दहा व्हायल विरघळवायला एकटीला फार वेळ लागतो, त्यामुळे दोघींनी बसावं. तयार झालेलं औषध सलाईनमध्ये मिसळून साधारण तासाभरात शिरेतून द्यायचं. चाचणी डोस द्यायचा नाही, त्याने रिॲक्शनचा अंदाज येत नाही आणि वेळ जातो. दंशाच्या जागी टोचायचं नाही, स्नायूतही द्यायचं नाही. मुलांना व्हायल तेवढ्याच, कारण सापाने टोचलेलं विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही. कमी करायचं ते सलाईनचं प्रमाण.

पहिली दहा-पंधरा मिनिटं डॉक्टर खाटेशी उभा हवा आणि ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरलेलं हवं : मोठ्यांना एक मिलीत एक मिलिग्रॅमवालं ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. गांधी उठल्या, खाज सुटली, श्वास घरघरला, बीपी पडलं की ड्रिप बंद, ॲड्रेनलिन, आणि रुग्ण सावरल्यावर प्रतिविष पुन्हा हळू सुरू. रिॲक्शन आली म्हणून प्रतिविष कायमचं बंद करून रेफर करणं ही वारंवार होणारी आणि महागात पडणारी चूक आहे.

सहा तासांनी चाचणी पुन्हा. सहाच तास का, हे नव्या मंडळींना समजावून सांगा : प्रतिविषाने विष निष्प्रभ झालं तरी संपलेले गोठणघटक यकृताला पुन्हा तयार करायला साधारण तेवढा वेळ लागतो. दोन तासांनी चाचणी करून ‘अजून गोठत नाही’ म्हणत आणखी व्हायल ओतल्या, तर साठा संपतो आणि रुग्णाला फायदा होत नाही. सहा तासांनंतरही रक्त गोठत नसेल तर आणखी ५ ते १० व्हायल.

मण्यारीसाठी वेगळी पाच मिनिटं राखून ठेवा. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोट दुखतं, पापण्या जड, गिळता येत नाही, दंशाची खूण नाही, सूज नाही. अशा रुग्णाला ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन कोपऱ्यात झोपवलं जाऊ शकतं. मज्जातंतूच्या टोकाला मण्यारीने केलेली इजा प्रतिविषाने उलटत नाही. माणूस वाचतो तो श्वास चालू ठेवल्याने. म्हणून अॅम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) धरायचा सराव प्रत्येकाने करायचा, वॉर्डातल्या मामा-मावशींनीही. रेफर करताना गाडीत कुणीतरी ती दाबत राहावी लागते. नागदंशात मात्र निओस्टिग्मिन १.५ मिलिग्रॅम स्नायूत आणि सोबत ॲट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम शिरेतून दिल्याने लवकर फरक दिसू शकतो.

पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या घाटातून चापड्याचा (घाटातल्या एका विषारी सापाचा) दंश झालेला रुग्ण आला, तर त्याच्यावर हे प्रतिविष चालत नाही हेही सांगून ठेवा. तिथे उपचार लक्षणांप्रमाणे.

दुसरं सत्र : ॲट्रोपिनचं गणित

सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाच्या विषबाधेत औषध कोणतं हे सगळ्यांना पाठ असतं. किती लागेल याचा अंदाज मात्र नसतो. तेव्हा फळ्यावर हिशेब मांडा. आपल्याकडची ॲम्प्यूल साधारण ०.६ मिलिग्रॅमची. सुरुवात १.८ मिलिग्रॅम, म्हणजे ३ ॲम्प्यूल. दर पाच मिनिटांनी तपासा. सुधारणा नसेल तर डोस दुप्पट : ६ ॲम्प्यूल, मग १२, मग २४. पंधराव्या मिनिटापर्यंत ४५ ॲम्प्यूल संपल्या, म्हणजे २७ मिलिग्रॅम. आता इमर्जन्सी ट्रे उघडून मोजायला सांगा. तिथे दहा निघाल्या, तर पुढे व्याख्यानाची गरज उरत नाही. फार्मसीच्या माणसाला तिथेच बोलवा. कॅज्युल्टीत निदान शंभर ॲम्प्यूल एका डब्यात असाव्यात.

थांबायचं कधी? छाती स्वच्छ, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर, काखा कोरड्या, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या राहिलेल्या नाहीत. यात छाती सगळ्यात महत्त्वाची. फक्त बाहुल्यांवर जाऊ नका, त्या उशिरा बदलतात. डोळ्यात कीटकनाशकाचा शिंतोडा गेला असेल तर एकच डोळा वेगळा दिसतो. नाडी १२० आहे म्हणून ॲट्रोपिन द्यायला घाबरणं हीसुद्धा नेहमीची चूक. फुप्फुसं भरलेली असताना ऑक्सिजनअभावीही नाडी धावते. एकदा लक्ष्य गाठलं की लागलेल्या एकूण डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपने. वरच्या उदाहरणात तासाला २.७ ते ५.४ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ५ ते ९ ॲम्प्यूल. रुग्ण बडबडायला लागला, ताप चढला, पोटातले आवाज बंद झाले, तर ॲट्रोपिन जास्त झालंय : ड्रिप थांबवा आणि लक्षणं उतरल्यावर आधीपेक्षा कमी वेगाने लावा.

पोट धुणं ॲट्रोपिनच्या आधी येत नाही. कपडे काढणं, साबणपाण्याने अंग आणि केस धुणं हे हातमोजे घालून, उपचारांसोबतच चालू ठेवायचं.

आणि चौथ्या दिवसापर्यंत विसावायचं नाही. पहिल्या ते चौथ्या दिवसात, रुग्ण बरा दिसायला लागल्यावर, मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. दर पाळीत दोन गोष्टी बघा : उशीवरून डोकं उचलता येतं का, आणि एका श्वासात किती आकडे मोजतो. काल पंचवीसपर्यंत गेलेला आज बारावर थांबला, तर ऑक्सिजनचं प्रमाण चांगलं दिसत असलं तरी त्याला आयसीयूत हलवा.

लहान सत्रं

काही विषयांना पंधरा मिनिटं पुरतात. पोटॅशियम क्लोराईडची आपल्याकडची १० मिलीची ॲम्प्यूल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट. ती थेट शिरेत कधीच नाही, हातातल्या शिरेतून तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा वेगाने नाही, आणि मिसळल्यावर बाटली नीट उलटसुलट करायची, नाहीतर जड द्रव तळाशी बसतो आणि आधी तोच जातो. वॉर्डातल्या ट्रेमधून या ॲम्प्यूल काढून वेगळ्या कुलूपबंद कप्प्यात ठेवल्या तर अर्धा धोका टळतो.

ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी) अँटिबायोटिकच्या आधी, दोन वेगळ्या जागांवरून, मोठ्यांमध्ये प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. तीन मिली रक्त घालून ‘कल्चर निगेटिव्ह’ आलं की चुकीचा दिलासा मिळतो. प्रयोगशाळा रात्री बंद असेल तर बाटली बाहेरच ठेवा, फ्रीजमध्ये नाही.

श्वासाची गती सगळ्यांच्या चार्टवर २० किंवा २२ लिहिलेली दिसते, कारण ती मोजलेली नसते. सत्रात सगळ्यांना वॉर्डात घेऊन जा आणि एकाच रुग्णाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला लावा, आकडे चिठ्ठीवर लिहून घ्या. रुग्ण बिघडण्याआधी जी नोंद सगळ्यात लवकर बदलते ती बहुधा हीच.

रात्रीचा फोन

याला एक पूर्ण सत्र द्या. ‘सर, बारा नंबरचा पेशंट जरा बरा वाटत नाही’ असा फोन आला की पलीकडून ‘बघतो सकाळी’ असं उत्तर येतं, आणि त्यात दोष एकट्या सरांचा नसतो. फोन चार भागांत करायला शिकवा : आत्ता काय झालंय, रुग्ण कोण आणि कशासाठी दाखल, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं.

‘सर, मी मेल वॉर्डमधून बोलतेय. खाट बाराच्या काकांना श्वास मिनिटाला ३२, पाच लिटर ऑक्सिजनवर ९० टक्के, बीपी ९० वर ६०. वय ५८, न्यूमोनियासाठी कालपासून दाखल, दहा वाजता श्वास २४ होता. मला सेप्सिस वाढतोय असं वाटतं. डॉक्टर खाटेशी आहेत, सलाईन सुरू केलंय. तुम्ही लगेच यावं.’

हे एवढं बोलायला अर्ध्या मिनिटापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. सत्रात सगळ्यात नवीन सिस्टरने खऱ्या कन्सल्टंटला, समोरासमोर बसून, असा फोन करून दाखवायचा. शेवटचं वाक्य उच्चारायला सगळ्यांनाच जड जातं. दोन-तीनदा म्हणवून घ्या. सरांनीही सगळ्यांदेखत सांगावं की अशा फोनवर मी रागावणार नाही. एवढ्या एका वाक्याने वॉर्डाचं वातावरण बदलतं.

बाहेरचे पाहुणे

जवळपास शिकवणारी माणसं भरपूर आहेत : मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीतलं भारती विद्यापीठाचं, कराडचं कृष्णा, साताऱ्याचं शासकीय. १८९४ मध्ये सुरू झालेलं वॉनलेस रुग्णालय मिरजेतलंच, आणि वैद्यकीची परंपरा या भागाला नवी नाही. पाहुण्यांना ‘डायबेटिसवर काहीतरी बोला’ असं सांगितलं की त्यांच्या जुन्याच साठ स्लाईड ऐकाव्या लागतात. दोन आठवडे आधी केस पाठवा, एक प्रश्न विचारा आणि आपल्याकडे काय उपलब्ध नाही ते कळवा. ‘आमच्याकडे रात्री एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) होत नाही, अशा वेळी मधुमेहातला किटोॲसिडोसिस कसा हाताळायचा?’ या प्रश्नाला तज्ज्ञ मनापासून उत्तर देतात. वर्षातून चार-पाच पाहुणे पुरे, बाकीची सत्रं घरच्यांनीच घ्यावीत. प्रत्येक आरएमओची पाळी आलीच पाहिजे.

सत्राचा खर्च चहा-पोह्यांपुरता, तो रुग्णालयाने करावा. औषध कंपनीकडून नाश्ता घेतला की तिच्या अँटिबायोटिकची स्लाईड मागून येते. डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटी, प्रवास आणि पाहुणचार घेण्यावर २००९ च्या दुरुस्तीपासून मनाई आहेच.

वाचनासाठी सगळं फुकट मिळतं : आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) अँटिबायोटिक मार्गदर्शिका, केंद्र सरकारची उपचार प्रमाणकं, जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची सर्पदंश मार्गदर्शिका. वाचताना आधी वर्ष बघा, मग ती कोणत्या रुग्णांसाठी आहे ते, मग डोस, आणि शेवटी त्यातली चाचणी व औषध आपल्या रुग्णालयात आहे का ते.

फरक पडला का, ते मोजा

सत्राच्या आधीच्या दहा आणि दोन महिन्यांनंतरच्या दहा फायली, एकच प्रश्न. उदाहरणार्थ : अँटिबायोटिक सुरू झाल्यावर ४८ ते ७२ तासांत ‘चालू ठेवा, बदला की थांबवा’ असा निर्णय फायलीत लिहिला आहे का? आधी दहापैकी दोन आणि नंतर सहा, एवढं कळलं तरी खूप झालं. काहीच बदललं नसेल तर तेच व्याख्यान पुन्हा देऊ नका. अडचण बहुधा ज्ञानाची नसते. कागदावर त्या नोंदीला जागा नसते, किंवा कल्चरचा रिपोर्ट फायलीला लागतच नाही.

मृत्यूच्या केसची चर्चा करताना नाव घ्यायचं नाही, ‘कुणी केलं’ विचारायचं नाही, ‘त्या क्षणी काय माहीत होतं’ एवढंच विचारायचं. एकदा का या बैठकीत कुणाला झापलं गेलं, की पुढच्या महिन्यापासून फायलीत फक्त सुरक्षित वाक्यं लिहिली जातात. व्यवस्थापनाच्या प्रतिनिधीला बसायचं असेल तर हा नियम त्यालाही लागू.

क्रेडिटचं कागदी काम

महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट लागतात. तुमच्या वॉर्डातल्या सत्रांना ती आपोआप मिळत नाहीत. घेणाऱ्या संस्थेला परिषदेची मान्यता हवी आणि कार्यक्रमाची मंजुरी आधी घ्यावी लागते. रुग्णालयाला स्वतःची मान्यता नसेल तर आयएमएच्या (इंडियन मेडिकल असोसिएशनच्या) स्थानिक शाखेशी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाशी बोलून वर्षातून दोन-तीन मोठी सत्रं एकत्र घेता येतात. बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरांच्या आणि सिस्टरांच्या परिषदा वेगळ्या आहेत, त्यांचे नियम त्यांच्याकडूनच तपासून घ्या, पण उपस्थितीची नोंद सगळ्यांची ठेवा.

बाहेरच्या सीएमईला जाताना पत्रिकेवर परिषदेची मान्यता आणि क्रेडिटचा आकडा छापलेला आहे का ते बघा. नोंदणी क्रमांक अचूक लिहा. एक आकडा चुकला की गुण दुसऱ्याच्या खात्यात जातात किंवा हवेत राहतात. प्रमाणपत्राचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी परिषदेच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यातली बेरीज पडताळा. वर्षाला सहा या हिशेबाने गेलात तर पाचव्या वर्षी धावपळ नाही. गुण जमा झालेले दिसले नाहीत तर आयोजकांना लगेच, लेखी कळवा. तीन वर्षांनी त्यांच्याकडे हजेरीपट सापडत नाही.